कल्हई

"पंगत बसलीय! मठ्ठा कुठाय?" वधूपिता दत्तोबा तिसऱ्यांदा ओरडले.

भिवा आचाऱ्याची पळी पितळेच्या पातेल्यातच थबकली. तळाची कल्हई उडाली होती आणि सकाळपासून त्यात ठेवलेल्या आंबट ताकावर हिरवट झाक आली होती. भांडी देताना दत्तोबांनीच सांगितलं होतं, "परवाच कल्हई करून घेतलीय." खरं बोलावं, तर व्याह्यांसमोर त्यांची अब्रू जाणार. गप्प बसावं, तर अख्खी पंगत आजारी पडणार.

भिवाने पातेलं उचललं आणि मुद्दाम पाय घसरू दिला. मठ्ठा मांडवभर पसरला.

"झेपत नाही, तर कामं घेतोस कशाला?" दत्तोबा सगळ्यांदेखत गरजले.

भिवाने गुडघे टेकून फडकं मारलं. मग रिकामं पातेलं त्याने आतला कल्हई उडालेला तळ फक्त दत्तोबांनाच दिसेल असं तिरकं केलं.

दत्तोबांनी दुसरं फडकं उचललं.