कुलपासाठी आठवण

लाल दिवा पेटला.

“ही नाही चालणार, सर. शेकडो जणांना ठाऊक आहे,” तिजोरी केंद्रातली मुलगी म्हणाली. चारुदत्तने हेमांगीचा लग्नातला उखाणा आठवला होता.

यंत्रं कुठलाही पासवर्ड क्षणात फोडू लागल्यापासून खात्यांच्या कुलपाला माणसाची आठवण लागे. केंद्र ती सगळ्या गावाच्या आठवणींशी ताडून पाही. दुसऱ्या कुणाच्याच डोक्यात ती नसेल, तरच दिवा हिरवा होई.

चारुदत्तने बायकोकडे चोरून पाहिलं आणि बागेतला बाक आठवला. नोकरी गेल्याचं घरी न सांगता तो रोज तिथेच डबा खात होता.

दिवा पिवळा झाला. “आणखी एका व्यक्तीला ठाऊक आहे, सर.”

कुणाला? माळ्याला? की ऑफिसातल्या त्या चोंबड्या पेंडशाला?

“काय रे आठवलंस?” हेमांगीने विचारलं.

“काही नाही. तू बस आता.”

तिने आठवण वाचणारा टोप डोक्याला लावला. दिवा लगेच हिरवा झाला.

“मला ठाऊक नाही असं काय आहे गं तुझ्याकडे?” त्याचा आवाज चढला.

“सांगितलं तर कुलूप कच्चं होईल ना,” म्हणत तिने पर्स उचलली.

तिने फक्त आपला सकाळचा ओटा आठवला होता. बागेत तो आपल्या डब्यातली पोळी एका कुत्र्याला घालताना तिला दिसला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती डब्यात एक पोळी जास्त ठेवत होती.