वीतभर काळा चौकोन

शंभर वर्षांची काजळी काढून चर्चच्या छतावरची चित्रं पुन्हा पहिल्यासारखी केली, तेव्हा सारं रायपूर माना वर करून पाहायला लोटलं. भनपुरीची मीराबाईही लेकीला, चेतनाला घेऊन आली. तिच्या लेकानं, यशदीपनं सहा महिने मचाणावर उताणं पडून ते काम केलं होतं. वर देवदूतांचे गाल लालचुटूक दिसत होते. फक्त कोपऱ्यात वीतभर काळा चौकोन तसाच होता.

"तेवढं पुसाचं राहूनच गेलं काय?" तिनं गाईडला विचारलं.

"नहीं अम्मा," तो म्हणाला, "वो जानबूझकर छोड़ा है. पहले क्या था, लोगों को याद रहना चाहिए."

मीराबाईनं मान खाली केली. "चेतना, त्या दिवशी तूच धावत आलती न इथं? मचाणावरून कुठं पडलता आपला यशदीप?"

चेतनानं दोन पावलांवरची फरशी दाखवली. मीराबाई तिथं खाली बसली आणि तळहातानं फरशी चाचपत राहिली. फरशी एक डागही न उरता आरशासारखी चकचकत होती.

"मंग हे काहून पुसलं यायनं?"