वाचून झाल्यावर

“टेस्ट फेल,” कॉम्प्युटर म्हणाला, आणि धाकट्यानं विंडोजला एक सणसणीत शिवी हासडली.

“नाचता येईना, अंगण वाकडं,” मागं पलंगावर बसलेली ताई म्हणाली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण मशिन सगळं मोठ्यानं बोलून दाखवत असल्यामुळे भावाची फजिती तिच्यापासून लपत नव्हती.

तिला कागद वाचून दाखवणारा हा प्रोग्रॅम त्यानंच लिहिला होता, घरच्या लिनक्सच्या मशिनवर. उद्या ती हॉस्पिटलात समुपदेशक म्हणून रुजू होणार होती आणि तिथली सगळी मशिनं विंडोजची. म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळपासून तो प्रोग्रॅम एका विंडोजच्या लॅपटॉपवर चालता करत होता. वाचन झकास होत होतं. अडलं होतं एकाच टेस्टपाशी: वाचण्यासाठी घेतलेली कागदाची प्रत वाचून झाल्यावर मशिनवरून पुसली जाते का? जात नव्हती.

धाकट्याचं म्हणणं, वाचतंय ना, मग झालं तर. ही टेस्ट तूर्त वगळू, पुढं सवडीनं बघू, सगळेच तसं करतात. ताई ऐकेना. हट्टात ती आईवर गेली होती, आणि आईपुढं आजवर कुणाचं चाललं नव्हतं.

“एखादी बाई नवऱ्याबद्दल मला लिहून देणार,” ती म्हणाली. “ते तिथंच पडून राहिलं आणि नवऱ्याच्या हाती लागलं, तर तुझी सवड तिच्या काय कामाची?”

धाकटा पुन्हा कामाला लागला. विंडोजची तक्रार तशी साधी होती: फाइल कुणीतरी उघडी धरून ठेवलीय, ती सोडेपर्यंत मी पुसणार नाही. त्यानं अँटिव्हायरस बंद करून पाहिला. फेल. आवाजाचा भाग बाजूला काढून पाहिला. फेल. चहा गार झाला, ताईनं तो दुसऱ्यांदा गरम करून आणला, आणि मग कुठं तो एका ओळीपाशी थांबला. चोर घरातलाच निघाला होता.

ती ओळ त्याच्याच हातची. ताई अभ्यासाला बसली की पानापानाला “परत वाच” म्हणायची. म्हणून वाचन संपल्यावरही फाइल हातची सोडायची नाही, अशी सोय त्यानं करून ठेवली होती. घरच्या मशिनवर ते खपून जाई. तिथं फाइल नावापुरती पुसली जाई आणि प्रोग्रॅम चालू असेपर्यंत आतून वाचताही येई. विंडोजला ही लबाडी मान्य नव्हती. त्यानं ओळ काढली, टेस्ट लावली.

“टेस्ट पास,” मशिन म्हणालं.

धाकट्याला मात्र आनंद होईना. त्यानं ताईला सगळं खरं सांगितलं. आता वाचन संपलं की संपलं, परत ऐकता येणार नाही. आणि दोन-दोनदा ऐकल्याशिवाय तिचं भागत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात ऐकण्यात चूक झाली, तर ‘आंधळीला घेतलंच कशाला’ म्हणायला लोक टपलेलेच असणार. तिला चालणार असेल तर मजकूर दुसरीकडं लपवून ठेवतो, म्हणाला. कुणाच्या बापाला सापडणार नाही.

ताईनं हात एकमेकांत घट्ट धरले होते, म्हणजे भीती तिलाही वाटत होती. तरी तिनं नकारार्थी मान हलवली. लपवायचं नाही, आहे तसंच राहू दे.

असं धैर्य आपल्यात कधी येणार नाही, असं धाकट्याला वाटलं. तरी त्याला राहवेना.

“अगं, पण एखादं वाक्य निसटलं तर?”

“तर त्या बाईलाच विचारेन,” ताई म्हणाली. “समोरच बसलेली असेल ना ती.”