पेढ्यांचा पंखा

"सहा वर्षं बायकोला काढे पाजलेत आणि स्वतः दिवसभर भट्टीला खेटून बसलात?" तपासणीचा निकाल वाचून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मूल न होण्याचा दोष अशा उष्णतेनं पुरुषातही येऊ शकतो, हे ऐकून श्रीरंग हलवायाला भट्टीविनाच घाम फुटला.

तालुक्यात पाळणा कुणाचाही हलो, पेढे त्याच्याच कढईतले. खवा आटवता आटवता आपणच आटत चाललोय, हे या शहाण्याला कळलं नव्हतं. दुकानात पंखा एकच, तोही पेढे निववायला लावलेला.

दुसऱ्या दिवशी एक नवा बाप पेढे न्यायला आला. "तुमचे पेढे कधी, शेठ?" त्यानं हसत विचारलं. श्रीरंगचं उत्तर ठरलेलं असायचं: बायकोचं औषध चालू आहे. शेजारी खोकी बांधत बसलेल्या कुंदानं, त्याच्या बायकोनं, सवयीनं आधीच मान खाली घातली.

श्रीरंगनं हातातला झारा ठेवला. "औषध चालू आहे," सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "माझं."

कुंदा उठली. पेढ्यांवरचा पंखा तिनं त्याच्याकडे वळवला.

"पेढे निवतील सावकाश," ती म्हणाली.