चाळीसपैकी

चोवीस फाइली, दोन वह्या, एक कुरकुरणारा संगणक आणि झाकण हरवलेली एक पेटी. पेटीत धुऊन वाळवलेल्या चार टोप्या: बावन्न, चोपन्न, छप्पन्न आणि साठ सेंटिमीटर मापाच्या. प्रत्येकीला आतून मेंदूचे संकेत टिपणारी बारीक बटणं. तिनं सगळं दोनदा मोजलं आणि कामाला बसली.

शुक्रवारच्या आत या फाइली जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात त्या एकाच साच्यात बसवायच्या होत्या. दुसऱ्या केंद्रातले तज्ज्ञ त्याच साच्यातला डेटा पुन्हा तपासून देत. एकही रकाना रिकामा चालत नसे. आणि तेवीस नंबरची फाइल तिच्या दादाची होती.

अपघाताला सात महिने झाले होते. दादा डोळे उघडायचा, पण बोलणं नाही, हात हलवणं नाही. इथं त्याला टोपी घालून सांगितलं होतं, घंटी वाजली की मनातल्या मनात मूठ आवळ. घंटी चाळीस वेळा वाजली. उत्तर आलं शून्य वेळा. त्याच्यावरचे उपचार चालू ठेवायचे की त्याला कायमचं शुश्रूषागृहात हलवायचं, हे शुक्रवारी ठरणार होतं.

"शास्त्रज्ञबाई, चहा घ्या," तंत्रज्ञ काकांनी कप पुढे ठेवला. "कुठवर आलात?"

"बावीसवर. तुमचीच फाइल."

"मग नीट भर हो. तुलनेला धडधाकट माणूस हवा म्हणून मला बसवलं होतं. चाळीसपैकी छत्तीस!"

"पेपरात छापून आणा ना."

"आणलं असतं. फोटोत डोकं मावत नाही." काकांनी साठची टोपी उचलली. "ही खास माझ्यासाठी मागवलीय. दुसऱ्या कुणाला घातली तर नाकावर येते."

तिनं चोपन्नची घालून पाहिली. चपखल बसली. "दादाचंही माप हेच. शाळेत असताना एका हेल्मेटवरून आमच्या मारामाऱ्या व्हायच्या."

"कोण जिंकायचं?"

"तो. चावायचा."

काका हसले, मग कपात बघत म्हणाले, "असला माणूस सहजासहजी सोडत नाही, पोरी. त्या दिवशी त्याचं स्ट्रेचर लवकर आलं. म्हटलं, आधी याला घेऊ, मी काय घरचाच. मग मी जेवून निवांत टोपी घालून बसलो."

एवढं बोलून ते स्टुलावर टेकले. पाच मिनिटांत त्यांची मान छातीवर.

"काका, घोरताय."

"डोळे मिटून विचार करतोय."

ती वहीकडे वळली. काकांची शिस्त पक्की होती. सकाळी आल्या आल्या दिवसभराची नावं ओळीनं लिहून प्रत्येकापुढे फाइलीचा क्रमांक टाकायचा; मशीन मात्र जो येईल त्याला ओळीनं पुढचा क्रमांक देई. अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही. तिनं वय, तारीख, खोली, मशीन असे एकेक रकाने उतरवून घेतले.

आईचा फोन आला. "काही नवीन?"

"अजून नाही. रकाने भरतेय."

"भर बाई. एकही सोडू नकोस."

गुरुवारी दुपारी चोवीसपैकी बावीस फाइली हिरव्या झाल्या. दोन लाल राहिल्या. खाली ओळ होती: टोपीचं माप नोंदीशी जुळत नाही.

तिनं बावीसपुढे साठ आणि तेवीसपुढे चोपन्न लिहिलं होतं. बोटं घसरली असतील म्हणून खोडून पुन्हा भरलं. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही तेच.

मग तिला आठवलं, टोपीची वायर खोचली की मशीन तिचं माप स्वतःच टिपून ठेवतं. जुना प्रोग्राम ती नोंद कधी दाखवतच नसे. नव्या साच्याला मात्र ती लागत होती. तिनं दोन्ही मूळ फाइली उघडल्या आणि शेजारी शेजारी ठेवल्या.

मागे स्टुलावर काका विचार करत होते, चांगला आवाज करून.

तेवीस नंबरची फाइल: टोपी साठ, चाळीसपैकी शून्य.

बावीस नंबरची फाइल: टोपी चोपन्न, चाळीसपैकी छत्तीस.