रेषेकडे पाठ

जाई चढाईत पुन्हा धरली गेली. कोपऱ्यातल्या सत्यभामाने घोटा पकडला, बाकीच्या पोरी वरून कोसळल्या आणि धुळीत नुसता ढीग झाला.

"वळ म्हणाले ना मी," सुनयना रेषेबाहेरून म्हणाली.

"ताई, तुम्ही वळ म्हणता तोवर मी खाली असते."

पोरी हसल्या. हसण्यासारखंच होतं. रेषेबाहेर उभ्या सुनयनाची उजवी टाच उचललेली होती, कंबर वळलेली, पदर खोचलेला. चढाई जाईची आणि दम लागायचा हिला.

कळंबोलीच्या लोखंड बाजारामागचं हे मैदान. लग्नानंतरसुद्धा सुनयनाची चढाई बघायला ट्रकवाले गाड्या कडेला लावून टपावर चढायचे. मग ऋषी झाला. तुझं खेळणं संपलं असं तिला कुणी म्हणालं नाही. फक्त तिच्या नंबराचा बनियन एक दिवस जाईच्या अंगावर दिसला. मंडळ चालवणाऱ्या आप्पांना वाईट वाटलं असावं. त्यांनी पोरींना चढाई शिकवायचं काम तिला दिलं. पोराला बरोबर नेणार असशील तर जा, म्हणून सासूबाईंनी सोडलं. तेव्हापासून दुपारची चहाची भांडी तशीच ठेवून ती इथे धावत यायची.

आप्पा आपला एसटीडी बूथ पुतण्यावर सोपवून आले होते. गळ्यात शिट्टी. तिच्या जवळ येऊन हळूच बोलले, पोरींना ऐकू जाऊ नये म्हणून.

"खेळणाऱ्याला शिकवता येतंयच असं न्हाई, पोरी. तू अजून आतच हायेस. रविवारची मॅच झाली की शिकवायला पनवेलचा एक जण बघतो. तू लेकराकडं बघ."

मायेनं बोलले, म्हणून जास्त लागलं. हेही गेलं तर मैदान उरणार ते दूध आणायला जाता-येता दिसेल तेवढंच.

आप्पांनी शिट्टी फुंकली आणि झाडाखाली गोणपाटावर निजलेला ऋषी दचकून रडायला लागला. शेजारी ट्रकमधून सळ्या धाडधाड पडल्या तरी हे पोर हलायचं नाही, शिट्टीला मात्र उठायचं. सुनयनाने त्याला खांद्यावर घेतलं. त्याला खांद्यावरून पोरी बघायच्या होत्या, म्हणून तिने मैदानाकडे पाठ केली. बरंच झालं, तिला वाटलं. दिसायलाच नको.

मागे जाई चढाईला निघाली. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. सुनयना पोराची पाठ थोपटत ऐकत राहिली. दम छान एकसारखा चालला होता. मध्येच जरासा घाईला आला, एक अक्षर गिळलं गेलं, आणि लगेच धप्प आवाज झाला. धरली.

पुढच्या चढाईलाही तेच. घाई, गिळलेलं अक्षर, धप्प.

त्याच्या पुढच्या वेळी मात्र सुनयना मान न वळवता पुटपुटली, "आता." त्याच क्षणी जाईचे पाय घासल्याचा आवाज आला.

"जाई," ती तशीच पाठमोरी म्हणाली, "झेप घ्यायच्या आधी तुझा दम पळतो. तुझे पाय नंतर निघतात, आवाज आधी. सत्यभामाला तेवढं पुरतं."

"मी कुठे काय ऐकते," सत्यभामा म्हणाली. मग गुडघ्याची माती काढता काढता थबकली. "कायतरी कळतं खरं. कसं ते नव्हतं माहीत."

आप्पांनी तोंडाशी नेलेली शिट्टी खाली सोडली.

"मग कसा ठेवायचा?" जाईने विचारलं. "तुमचा कसा असायचा?"

बाळंतपणापासून सुनयनाने एकदाही दम धरला नव्हता; घरात, मोरीत, कुणी नसतानासुद्धा नाही. तिने ऋषीचं डोकं खांद्यावर नीट टेकवलं, छातीभर श्वास घेतला आणि हलक्या आवाजात सुरू केलं.

कबड्डी, कबड्डी, कबड्डी.

आवाज ना चढला ना उतरला. कुठे निघाली, कुणाला शिवली, कधी वळली, काही म्हणजे काही कळत नव्हतं. पोरी धुळीत होत्या तशा बसून राहिल्या. ऋषीच्या पापण्या जड झाल्या, हात लोंबकळला, मान आईच्या गळ्यात घरंगळली. सुनयनाचे डोळे मिटलेले होते.

"निजला गं तो," आप्पा कुजबुजले. "पुरे आता."

जाईने ओठांवर बोट ठेवलं आणि त्यांना खाली बघायची खूण केली. सुनयनाची अनवाणी टाच मागे मागे सरकत येऊन मैदानाच्या चुन्याच्या रेषेला लागली होती, आणि दम अजून सुटला नव्हता.