व्होल्टमीटरची पूजा

दसऱ्याच्या सकाळी मोटरसायकलला झेंडूचा हार घालून दिगंबरनं चावी फिरवली, हेडलाइट लावला आणि हँडलवरच्या नव्याकोऱ्या व्होल्टमीटरकडे बोट दाखवलं. "बारा पॉइंट सहा! बॅटरीची नाडीच हाताशी. आता गाडी दगा देणं शक्यच नाही."

"अहो, लाइट तरी बंद करा," बायको म्हणाली.

"पूजेत कुणी दिवा मालवतं का?"

आईनं आरती धरली आणि जमलेल्या गल्लीला चेव आला. गणपती झाले, देवी झाली, शंकर झाले; आकडा बारावर आला. दिगंबरचा हात चावीकडे गेला की आई डोळे वटारायची. मारुती संपून दत्त सुरू झाले तेव्हा आकडा अकराच्या खाली होता आणि मनापासून देवाचा धावा करणारा दिगंबर एकटाच होता.

प्रसादानंतर त्यानं बटण दाबलं. गाडी नुसती कण्हली. किक तर तिला नव्हतीच. शेजाऱ्यांनी ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, तरी ढिम्म.

"मीटर मात्र अगदी अचूक आहे!" घाम पुसत दिगंबर म्हणाला.

"झालं सीमोल्लंघन," आई दारातून ओरडली. "आता वळवा."